क्रम जपलेत, आता नोंदही जपा : विषाणूंचे डेटाबेस चालवणाऱ्यांना आणि त्यांना निधी देणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
विषाणूंच्या जनुकीय माहितीचे डेटाबेस चालवणाऱ्या संस्था आणि त्यांना निधी देणारी मंडळे यांस,

सप्रेम नमस्कार.

एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या कृषी विभागाने दुभत्या गायींमध्ये पसरलेल्या एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूचे, दोनशेहून अधिक नमुन्यांचे कच्चे जनुकक्रम, म्हणजे त्याच्या जनुकीय मजकुरातली अक्षरं ज्या क्रमाने येतात तो तपशील, सर्वांसाठी खुले केले. जगभरचे अभ्यासक त्या फाइलींवर तुटून पडले आणि लगेचच अडले. नमुना कुठे घेतला या रकान्यात फक्त ‘यूएसए’ लिहिलेलं होतं. कधी घेतला या रकान्यात फक्त ‘२०२४’. राज्य कोणतं, आठवडा कोणता, काहीच कळत नव्हतं. विषाणू कोणत्या राज्यातून कोणत्या राज्यात गेला, हा त्या घडीचा सगळ्यात निकडीचा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर देणारे नेमके दोन रकाने रिकामे असल्यासारखेच होते. तरीही अभ्यासकांनी क्रमांमधल्या फरकांवरून अंदाज बांधला की, पक्ष्यांतून गायींमध्ये हा विषाणू बहुधा एकदाच, २०२३ च्या अखेरीच्या सुमारास शिरला असावा. अंदाज चांगला होता. पण तारखा आणि ठिकाणं हाताशी असती, तर पुढचा प्रवास कितीतरी लवकर आणि कितीतरी खात्रीने सांगता आला असता. साथ पसरत असताना असे आठवडे वाया जाणं परवडत नाही.

मी विषाणूंच्या जीनोमवर, म्हणजे त्यांच्या संपूर्ण जनुकीय मजकुरावर, काम करते. तुम्ही सांभाळलेला डेटा नसता, तर माझ्यासारख्या असंख्य जणांचं काम सुरूच झालं नसतं, ही जाणीव ठेवून हे पत्र लिहिते आहे. क्रम गोळा करणं, साठवणं, काही क्षणांत जगाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचवणं, यासाठी तुम्ही जे उभं केलंत ते अफाट आहे. मात्र क्रमासोबतची नोंद, म्हणजे नमुना कधी, कुठे, कोणत्या प्राण्यातून घेतला आणि कोणत्या पद्धतीने वाचला, ही आजवर दुय्यम राहिली. सर्व्हरला पैसा मिळतो, सिक्वेन्सिंगच्या, म्हणजे क्रम वाचणाऱ्या, यंत्रांना मिळतो, नवे क्रम वाचायला मिळतो. नोंद तपासणाऱ्या माणसाला तो मिळतो तीन किंवा पाच वर्षांच्या प्रकल्पापुरता, आणि तोही उरलासुरला. माझी मागणी अशी आहे की, ही नोंद तपासणं आणि सांभाळणं संशोधनाचंच काम माना आणि त्यासाठी कायमस्वरूपी निधी द्या.

१९७६ साली एमएस२ या जिवाणूंवर जगणाऱ्या विषाणूचा जीनोम वाचून पूर्ण झाला. एखादा आरएनए जीनोम संपूर्ण वाचला जाण्याची ती पहिलीच वेळ. त्यात अक्षरं होती ३,५६९. पुढे १९८२ मध्ये जेनबँक हा अमेरिकेतला जनुकक्रमांचा सार्वजनिक संग्रह सुरू झाला, तेव्हा नियतकालिकांत छापून आलेले क्रम तिथली माणसं बसून उतरवून घेत. उतरवणाऱ्यासमोर अख्खा लेख असे, त्यामुळे नमुना कुठला आणि कसला, हेही त्याच्या नजरेखालून जाई. आज विषाणूंचे क्रम वाटून घेण्यासाठीच्या एकट्या जीआयएसएआयडी या डेटाबेसमध्ये कोविडच्या विषाणूचे दीड कोटीहून अधिक क्रम आहेत. प्रत्येक क्रम माणसाने डोळ्यांखालून घालणं आता अशक्य आहे, आणि म्हणूनच कोणत्या नोंदी माणसाने बघायच्या, कोणत्या यंत्राने, हे ठरवणारी जाणकार माणसं पूर्वीपेक्षा जास्त लागतात. संख्या वाढली तसा हा कर्मचारीवर्ग वाढायला हवा होता. पण क्रम ज्या वेगाने वाढले, त्याच्या आसपासही तो वाढला नाही.

जुना डेटा नीट ठेवला तर काय हाती लागतं, याचं माझ्या माहितीतलं सर्वांत मोठं उदाहरण २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेराटस प्रकल्पाचं. त्यांनी एकही नवा नमुना गोळा केला नाही. सार्वजनिक संग्रहात आधीपासून पडून असलेला सुमारे ५७ लाख नमुन्यांचा, दहा पेटाबेसहून अधिक डेटा त्यांनी नव्याने चाळला. एक पेटाबेस म्हणजे एकावर पंधरा शून्यं इतकी अक्षरं. त्यातून एक लाख तीस हजारांहून अधिक नवे आरएनए विषाणू निघाले. कोणी मातीतल्या बुरशीसाठी, कोणी माशाच्या आतड्यासाठी, कोणी आणखी कशासाठी वाचलेला तो डेटा होता. तो कोणीतरी टाकून दिला नाही, म्हणून हे शक्य झालं. पण पुढचा प्रश्न विचारला की अडायला होतं. हा विषाणू नेमका कोणाचा? आतड्याच्या नमुन्यात सापडलेला विषाणू त्या प्राण्याचा असेल, त्याने खाल्लेल्या किड्याचा असेल, पोटातल्या परजीवीचा असेल किंवा त्या परजीवीच्या अंगातल्या बुरशीचाही असेल. याचा उलगडा करायला क्रम पुरत नाही. नमुना कसा घेतला, प्राणी जिवंत होता का, शेजारी दुसरे कोणते नमुने ठेवले होते, हे कोणीतरी त्याच वेळी लिहून ठेवलेलं असावं लागतं.

आता तारखेचं घ्या. कोविडच्या विषाणूच्या जीनोममध्ये साधारण ३० हजार अक्षरं आहेत आणि एका वंशरेषेत महिन्याला सरासरी दोनेक बदल साठत जातात. या गतीवरूनच आम्ही एखादा उपप्रकार कधी उगम पावला हे मोजतो. नमुन्याच्या तारखेत वर्ष चुकलं, तर वीस-पंचवीस बदलांचा हिशेब चुकतो. तो एक क्रम साऱ्या वंशवृक्षाची फांदी वाकवतो. आणि वर्ष चुकणं मुळीच दुर्मीळ नाही. जानेवारीत काम करणारा माणूस सवयीने मागचं वर्ष लिहितो. ‘०३/०४’ म्हणजे कोणाला तीन एप्रिल, कोणाला चार मार्च. कुठे नमुना घेतल्याच्या तारखेच्या जागी तो प्रयोगशाळेत पोहोचल्याची तारीख पडते, कुठे फाइल पाठवल्याची. जेनबँक, युरोपचा ईएनए आणि जपानचा डीडीबीजे या सार्वजनिक संग्रहांच्या संयुक्त व्यवस्थेने नव्या नोंदींना संकलनाची तारीख आणि ठिकाण सक्तीचं केलं, हे फार चांगलं झालं. मात्र त्याच व्यवस्थेत ‘माहिती उपलब्ध नाही’ हा पर्यायही आहे. काही वेळा तो खरोखरच लागतो, हे मला मान्य आहे. पण फॉर्म भरणारा थकलेला असला की सगळ्यात सोपा पर्याय तोच, आणि त्याला ‘का उपलब्ध नाही’ असं परत विचारायला पलीकडे कोणी बसलेलं नसतं.

यजमान प्राण्याच्या, म्हणजे ज्याच्या शरीरात विषाणू सापडला त्या प्राण्याच्या, रकान्यात नुसतं ‘वटवाघूळ’ लिहिलेलं दिसलं की मला फार वाईट वाटतं. वटवाघळांच्या चौदाशेहून अधिक जाती आहेत. रात्रभर जाळी लावून, सगळी काळजी घेऊन कोणीतरी तो नमुना मिळवलेला असतो, त्या माणसाला जात बहुतेक वेळा माहीतही असते, आणि फॉर्म भरताना ती गळून जाते.

नमुन्याच्या ओळखीचाही असाच गोंधळ होतो आणि त्याचे परिणाम विज्ञानाबाहेरही जातात. २०१३ मध्ये चीनच्या युन्नानमधल्या मोजियांग इथे घेतलेल्या वटवाघळाच्या एका नमुन्यातल्या करोना विषाणूचा छोटा तुकडा २०१६ मध्ये ‘४९९१’ या क्रमांकाने प्रसिद्ध झाला. त्याच विषाणूचा जवळजवळ पूर्ण जीनोम २०२० मध्ये ‘आरएटीजी१३’ या नावाने आला. दोन्ही एकच, हे मूळ लेखात लिहिलेलं नव्हतं. खुलासा जोडला गेला तो नोव्हेंबर २०२० मध्ये. मधल्या काळात त्या एका न जोडलेल्या दुव्यावरून कोविडच्या उगमाबद्दल किती संशय उठले, हे सगळ्यांनी पाहिलं. नमुना प्रत्यक्ष जागेवर घेतला जातो त्या क्षणी त्याला एक कायमची ओळख मिळावी आणि पुढे निघणारा प्रत्येक तुकडा, प्रत्येक नाव, प्रत्येक लेख त्याच ओळखीला जोडलेला राहावा. त्यासाठीची यंत्रणा तुमच्याकडे आज आहे. ती वापरण्याची सक्ती आणि ती वापरली गेली का हे पाहणारं माणूस, या दोन्ही गोष्टी ठिकठिकाणी कमी पडतात.

पण सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते पद्धतीच्या नोंदीकडे. २०१३ मध्ये चीनमधल्या हिपॅटायटिसच्या रुग्णांच्या नमुन्यांत एक नवा डीएनए विषाणू सापडल्याचं जाहीर झालं. रोगाचं कारण कळत नव्हतं अशा रुग्णांमध्ये तो मिळाला होता, त्यामुळे आशा मोठी होती. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने शोधून काढलं की, हा क्रम रुग्णांतून आलेलाच नव्हता. नमुन्यातून डीएनए वेगळा काढायच्या किटमध्ये ज्या सिलिकाच्या नळ्या असतात, त्यांतूनच तो येत होता. बहुधा सिलिका ज्यांच्यापासून येते त्या डायटम शैवालांशी त्याचं नातं असावं. अशी भेसळ ओळखायची, तर कोणत्या नमुन्यासाठी कोणतं किट वापरलं याची नोंद हाताशी असावी लागते. आता विचार करा, आज तुमच्या संग्रहातल्या किती नोंदींमध्ये किटचं नाव आणि बॅच लिहिलेली आहे?

कोविडच्या डेल्टा उपप्रकाराच्या काळातली गोष्टही अशीच. स्पाइक प्रथिनाच्या १४२ व्या जागेवरचा एक बदल काही क्रमांत दिसे, काहींत नाहीसा होई. विषाणू तिथे पुन्हा पुन्हा मागे-पुढे बदलतो आहे, असं वाटण्यासारखी स्थिती होती. प्रत्यक्षात त्या काळी सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्रायमरच्या (वाचनाआधी जीनोमचे तुकडे पकडणाऱ्या छोट्या जनुकीय धाग्यांच्या) संचाने डेल्टाचा तो तुकडा नीट वाचला जात नव्हता. जिथे वाचन झालेलं नाही तिथे ‘एन’ असं लिहायचं असतं. त्याऐवजी अनेक जीनोममध्ये त्या जागी मूळ संदर्भ-जीनोमचंच, म्हणजे तुलनेसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रमाण जीनोमचंच, अक्षर येऊन बसलं. हे उघडकीला आणायला यंत्रातून निघालेला कच्चा डेटा लागला आणि प्रायमरच्या कोणत्या संचाने वाचन झालं हे माहीत असावं लागलं. फक्त तयार जीनोम जमा करणाऱ्या आणि कच्चा डेटा न देणाऱ्या प्रयोगशाळांचे क्रम अशा वेळी तपासताच येत नाहीत. तयार जीनोमसोबत कच्चा डेटा आणि वाचनाची पद्धत मागण्याचा नियम करा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

चुका तर होणारच. त्या सापडल्यावर काय होतं, हा खरा मुद्दा आहे. जेनबँकसारख्या संग्रहात नोंद ही पाठवणाऱ्याच्या मालकीची मानली जाते. ती तोच बदलू शकतो. तत्त्व म्हणून मला ते पटतं, कारण संग्रहाने मुळात काय पाठवलं गेलं हे जसंच्या तसं ठेवलं पाहिजे. पण पाठवणारा विद्यार्थी दुसरीकडे गेला, ईमेल बंद झाला, प्रयोगशाळाच बंद पडली, की चूक तिथेच राहते. मग जगभरचा प्रत्येक गट आपापल्या संगणकावर वगळायच्या नोंदींची यादी बनवतो. विषाणूंचे वंशवृक्ष खुलेपणाने मांडणाऱ्या नेक्स्टस्ट्रेनसारख्या काही गटांनी आपल्या याद्या खुल्या ठेवल्या आहेत, त्यांचे आभार मानावे तितके थोडे. पण बाकीच्यांचं तेच काम शंभर ठिकाणी शंभरदा होतं आणि मूळ नोंदीपर्यंत परत पोहोचत नाही. मूळ नोंदीला हात न लावता तिच्या शेजारी तिसऱ्या व्यक्तीची सही असलेली दुरुस्ती, तिच्या पुराव्यासह, जोडता येण्याची सोय करा. ती दुरुस्ती पारखणारे क्युरेटर, म्हणजे नोंदी तपासणारे जाणकार, नेमा. शोध घेणाऱ्याला नोंद आणि दुरुस्ती एकत्रच दिसू द्या.

निधी देणाऱ्यांशी आता थोडं स्पष्ट बोलते. १९९६ मध्ये स्विस-प्रॉट हा प्रथिनांचा डेटाबेस पैशाअभावी बंद पडण्याच्या बेतात होता. जगभरचे जीवशास्त्रज्ञ त्यावर विसंबून होते, पण चालू असलेल्या गोष्टीला पैसे देणं कोणाच्याच योजनेत बसत नव्हतं. शास्त्रज्ञांनी जगभरातून आवाज उठवला तेव्हा तो वाचला आणि १९९८ मध्ये त्यातून स्विस इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मॅटिक्स उभी राहिली. त्यानंतर इतकी वर्षं गेली, तरी तुमच्या अर्जातला पहिला प्रश्न अजूनही ‘यात नवीन काय?’ हाच असतो. दहा वर्षांपूर्वीच्या नोंदी आजही बरोबर आहेत, सापडतात, उघडतात, नव्या नावांशी जोडलेल्या आहेत, यात नवीन काहीही नाही आणि तरी त्यासाठी रोज माणसं लागतात. विषाणूंच्या जातींची नावं आता द्विनाम, म्हणजे दोन शब्दांच्या, पद्धतीने बदलली आहेत. जुन्या नावाने शोधणाऱ्याला नव्या नावाखालची नोंद मिळावी, एवढं साधण्यासाठीसुद्धा कोणीतरी लक्ष घालावं लागतं. व्हीआयपीआर आणि आयआरडी हे विषाणूंचे दोन डेटाबेस जिवाणूंच्या पॅट्रिकसोबत एकत्र करून बीव्ही-बीआरसी हे एकच केंद्र केलं गेलं. एकत्रीकरणाला माझा विरोध नाही, त्यात फायदे आहेत. पण असं प्रत्येक स्थलांतर होताना जुने दुवे तुटतात, जुन्या लेखांतले पत्ते निकामी होतात. स्थलांतराचा आराखडा आणि त्याचा खर्च हा पहिल्या दिवसाच्या अंदाजपत्रकातच असला पाहिजे.

ही नोंद जो लिहितो, त्याच्याशी तुम्ही कसं वागता यावर ती किती पूर्ण असेल हेही ठरतं. २००६ मध्ये इटलीच्या विषाणुतज्ज्ञ इलारिया कापुआ यांना एच५एन१चा क्रम मोजक्या प्रयोगशाळांनाच खुल्या असलेल्या बंद संग्रहात ठेवण्याचं सुचवलं गेलं. त्यांनी ते नाकारलं आणि क्रम जेनबँकेत सर्वांसाठी ठेवला. पुढच्याच वर्षी इंडोनेशियाच्या आरोग्यमंत्री सिती फादिला सुपारी यांनी उलट्या दिशेने भूमिका घेतली: आमच्या नमुन्यांवरून लस बनणार आणि ती आम्हालाच परवडणार नाही, तर आम्ही नमुने पाठवणार नाही. या दोन्ही बाजूंना एकाच वेळी खरं म्हणावं लागतं. २००८ मध्ये सुरू झालेलं जीआयएसएआयडी आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्वीकारलेली, इन्फ्लूएन्झाचे नमुने आणि लाभ वाटून घेण्याविषयीची चौकट, ही त्याच पेचातून निघालेली उत्तरं आहेत. मे २०२५ मध्ये महासाथीविषयीचा जागतिक करारही झाला, पण नमुने, क्रम आणि त्यांतून मिळणारे लाभ कसे वाटायचे हा सगळ्यात कठीण भाग वेगळ्या परिशिष्टावर सोपवून.

नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि बोत्सवानातल्या शास्त्रज्ञांनी ओमिक्रॉनचे क्रम विलक्षण तत्परतेने जगापुढे ठेवले. त्यांच्या वाट्याला काय आलं? काही दिवसांतच विमानं बंद. पुढच्या वेळी दुसऱ्या एखाद्या देशातल्या अधिकाऱ्याने ठिकाणाचा रकाना मोघम भरला, तर मला त्याचा राग येणार नाही, दुःख होईल. आणि २०१४ चं सिएरा लिओन विसरता येत नाही. तिथल्या इबोलाच्या ७८ रुग्णांकडून मिळालेले ९९ जीनोम तयार होताच खुले करण्यात आले. तो लेख छापून येण्याआधी त्याचे पाच सहलेखक इबोलानेच दगावले होते, डॉ. शेख हुमार खान त्यांपैकी एक. एका ओळीच्या नोंदीमागे कोण उभं असतं, हे ज्या संस्था श्रेय कसं द्यायचं याचे नियम ठरवतात त्यांनी डोळ्यांसमोर ठेवावं. नमुना घेणारा, तो वाचणारा, नोंद लिहिणारा आणि ती दुरुस्त करणारा, या प्रत्येकाचं नाव डेटासोबत यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात पुढे गेलं पाहिजे आणि डेटा वापरणाऱ्या प्रत्येक लेखात ते आपोआप उमटलं पाहिजे. डेटा वापरायच्या अटी घालायला हरकत नाही. पण त्या अटी कोण ठरवतं, एखाद्याचा प्रवेश कोणत्या कारणाने थांबवला जातो आणि दाद कुठे मागायची, हे लेखी आणि सर्वांना दिसेल असं असू द्या.

नोंद मागे घेण्याबद्दलही असंच. २०२१ मध्ये उघड झालं की वुहानमधल्या साथीच्या सुरुवातीच्या काळातले काही क्रम, पाठवणाऱ्यांच्याच विनंतीवरून, अमेरिकेतल्या सार्वजनिक संग्रहातून आदल्या वर्षी काढून टाकले गेले होते. विनंती मान्य करणं नियमाला धरून होतं. पण बाहेरून पाहणाऱ्याला तिथे कधी काही होतं याचा मागमूस लागत नव्हता. नोंद काढली तरी तिच्या क्रमांकावर एक पान राहावं: काय होतं, कोणाच्या विनंतीवरून, कोणत्या तारखेला, कोणत्या कारणाने काढलं.

मी सगळंच उघडं करा असं म्हणत नाही, हेही सांगायला हवं. रुग्णाच्या घशातल्या नमुन्यात विषाणूसोबत त्या माणसाचा स्वतःचा डीएनएही येतो. तो डेटा खुला करण्याआधी काढून टाकलाच पाहिजे. लहान वस्तीचं नाव, नेमकं वय आणि नेमकी तारीख एकत्र दिली तर माणूस ओळखू येतो. अशा ठिकाणी बाहेरच्यांना जिल्हा आणि आठवडा दिसावा आणि नेमका तपशील नियमाने, मागणीवरून, कारण तपासून मिळावा. तपशील झाकून ठेवणं आणि तो मुळात लिहूनच न ठेवणं यांत फार अंतर आहे. झाकलेला तपशील गरज पडली तर उघडता येतो.

एक काम तुम्हाला नव्या निधीची वाट न पाहता करता येईल. तुमच्या संग्रहातल्या किती टक्के नोंदींमध्ये पूर्ण तारीख, देशाच्या खालच्या पातळीपर्यंतचं ठिकाण, जातीपर्यंत यजमान, वाचनाची पद्धत आणि कच्च्या डेटाचा दुवा आहे, हे पाच आकडे दर तिमाहीला तुमच्या मुख्य पानावर प्रसिद्ध करा. एकूण क्रमांची संख्या तिथे मोठ्या अक्षरांत असतेच. हे पाच आकडे तिच्या बाजूला, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत असू द्या. आणि निधी देणाऱ्या मंडळांनी पुढच्या फेरीत अर्ज मागवताना तेच आकडे अर्जदाराकडे मागावेत, ते सुधारायला किती क्युरेटर लागतील हे विचारावं आणि त्या पगारांची तरतूद किमान दहा वर्षांसाठी करावी. या कामात विश्लेषक म्हणून माझा वेळ द्यायला मी तयार आहे, आणि माझे अनेक सहकारीही.

आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली विश्वासू,
विषाणूंच्या जीनोमवर काम करणारी एक संशोधक